तिबेट : मुक्त केले म्हणता, मग बोलू का देत नाही?

दरवर्षी १० मार्चला दिल्ली, धरमशाळा आणि इतर शहरांत तिबेटी निर्वासित मोर्चे काढतात. १९५९ साली याच दिवशी ल्हासा शहरात हजारो लोक चिनी सत्तेविरुद्ध रस्त्यावर आले होते. या मोर्चांचे फोटो समाजमाध्यमांवर फिरू लागले की आपल्या तरुणांच्या गटांमध्ये वाद पेटतो आणि त्यात ठरलेली तीन मते ऐकू येतात.

पहिले मत : "तिबेटमध्ये लामांची सरंजामशाही होती. चीनने भूदासांना मुक्त केले. पेशवाई बुडाली म्हणून आपण भीमा कोरेगावला मानवंदना द्यायची आणि लामाशाही बुडाली म्हणून रडायचे, हे कसे?" दुसरे मत : "ते बौद्ध, आपण बौद्ध. पाठिंबा द्यायचाच, चर्चा कसली?" तिसरे मत : "त्यांचे वज्रयान, आपले नवयान. अवतारी लामा आपल्याला मान्य नाहीत. आणि इथे आपल्याच वस्त्यांवर हल्ले होत असताना तिबेटची उठाठेव कशाला?"

आमची भूमिका सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. तिबेटी जनतेच्या मानवी हक्कांच्या बाजूने आंबेडकरी चळवळीने उघडपणे उभे राहिले पाहिजे. मात्र त्याचे कारण धर्मबंधुत्व नाही आणि चीनद्वेष तर मुळीच नाही. ज्याच्या मुक्तीच्या गोष्टी सांगितल्या जातात, त्याला स्वतःच्या तोंडाने बोलता आले पाहिजे, हे आपल्या चळवळीचे मूळ तत्त्व आहे. तिबेटमध्ये गेली पंचाहत्तर वर्षे नेमके हेच नाकारले जात आहे.

भूदासांचा मुद्दा : टाळायचा नाही, भिडायचे

पहिले मत सर्वांत ताकदीचे आहे, म्हणून आधी तेच घेऊ. जुना तिबेट स्वर्ग नव्हता. जमीन सरकारच्या, सरदार घराण्यांच्या आणि मोठ्या मठांच्या ताब्यात होती. शेतकऱ्यांचा मोठा वर्ग वंशपरंपरेने त्या जमिनींशी बांधलेला होता. मालकासाठी राबणे, सरकारी माणसांची ओझी वाहणे, त्यांना जनावरे पुरवणे ही त्याची सक्ती होती. प्रेतांची विल्हेवाट लावणारे 'राग्याबा' आणि लोहारकाम करणारे लोक हीन मानले जात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वेसकरकी केली, मेलेली ढोरे ओढली, वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबणूक सोसली, त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले ते याच वेठीविरुद्ध. तेव्हा "जुना तिबेट शांत, पवित्र, करुणामय होता" अशी गुळगुळीत भाषा करणाऱ्यांच्या रांगेत आम्ही बसणार नाही.

आता भीमा कोरेगाव. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा आपल्याला अभिमान आहे, कारण ज्यांना माणूस मानले जात नव्हते त्यांनी तिथे हातात शस्त्र घेऊन स्वतःचे शौर्य सिद्ध केले. पण पेशवाई बुडवली म्हणून इंग्रज आमचे मायबाप झाले का? याच इंग्रजांनी पुढे १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली. १९३० साली लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांच्या तोंडावर हिशेब मागितला. तुम्ही येण्यापूर्वी आम्हाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, आज येते का? देवळात जाता येत नव्हते, आज येते का? पोलिसात घेत नव्हते, आज घेता का? उत्तर नकारार्थी होते. म्हणून त्यांनी निष्कर्ष काढला की आमचे दुःख आमच्याशिवाय कोणी दूर करू शकत नाही आणि हातात राजकीय सत्ता आल्याशिवाय आम्हालाही ते दूर करता येणार नाही. परकी सत्ता एखादी जुनी जुलमी व्यवस्था मोडू शकते. पण व्यवस्था मोडणे आणि माणूस मुक्त होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाबासाहेबांनी तिथे जगाला सांगितले.

तीच कसोटी चीनला लावा. २००९ पासून चीन सरकार २८ मार्च हा दिवस 'भूदास मुक्ती दिन' म्हणून साजरा करते. ठीक आहे. मग मुक्त झालेला माणूस बोलतो तेव्हा काय होते, ते पाहू. आम्ही चार माणसांची नावे घेतो. यातला एकही ल्हासाच्या जुन्या दरबारात मिरवणारा सरदार नव्हता.

पहिला, फुंत्सोक वांग्याल. खाम प्रांतातल्या बाथांगचा हा तरुण तिबेटी कम्युनिस्ट होता. जुनी सरंजामशाही मोडलीच पाहिजे, असे त्याचे ठाम मत होते. १९५१ च्या सतरा कलमी कराराच्या वाटाघाटीत तो चीनच्या बाजूने दुभाषी होता. १९५४ साली बीजिंगमध्ये माओ आणि दलाई लामा यांच्यातले संभाषण त्यानेच भाषांतरित केले. म्हणजे भूदासमुक्तीच्या कार्यक्रमाचा याच्याहून प्रामाणिक पाईक शोधून सापडणार नाही. त्याला १९६० साली पकडले आणि अठरा वर्षे तुरुंगात एकट्याला कोंडून ठेवले. गुन्हा एवढाच की समाजवादात तिबेटींना बरोबरीचे स्थान हवे, हान चिनी वर्चस्व नको, असे तो म्हणत होता.

दुसरे, दहावे पांचेन लामा. दलाई लामा १९५९ साली भारतात निघून आल्यावर चीनने यांनाच पुढे केले होते. १९६२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी गावोगाव फिरून पाहिलेली परिस्थिती लिहून बीजिंगला दीर्घ निवेदन दिले. लोक उपाशी मरत आहेत, निरपराधांना तुरुंगात टाकले आहे, सुमारे अडीच हजार मठांपैकी सत्तर-एक उरले आहेत, असे त्यात नोंदवले होते. लक्षात घ्या, सांस्कृतिक क्रांती तेव्हा सुरूही झाली नव्हती. माओने या निवेदनाला विषारी बाण ठरवले. पांचेन लामांची जाहीर सभांमध्ये मानहानी झाली आणि पुढची कित्येक वर्षे तुरुंगात आणि नजरकैदेत गेली.

तिसरा, रोंग्ये अद्राक. हा लिथांगचा साधा पशुपालक, याक-मेंढ्या राखणारा माणूस. १ ऑगस्ट २००७ रोजी घोड्यांच्या शर्यतींच्या उत्सवात तो मंचावर चढला, माईक हातात घेतला आणि दलाई लामा परत यावेत, असे लोकांसमोर बोलला. शिक्षा आठ वर्षे.

चौथा, ताशी वांगचुक. युशूचा दुकानदार. त्याचे म्हणणे एवढेच की शाळेत तिबेटी भाषा नीट शिकवा. त्याने स्वतंत्र तिबेटची मागणी केली नाही. चीनच्याच राज्यघटनेच्या चौथ्या कलमात सर्व राष्ट्रीयत्वांना आपली भाषा वापरण्याचे आणि वाढवण्याचे स्वातंत्र्य दिलेले आहे, त्या आधारावर तो स्थानिक अधिकाऱ्यांना कोर्टात खेचू पाहत होता. न्यूयॉर्क टाइम्सने २०१५ साली त्याच्यावर एक चित्रफीत केली. जानेवारी २०१६ मध्ये त्याला पकडले, तीच चित्रफीत पुरावा म्हणून कोर्टात दाखवली आणि 'फुटीरतेला चिथावणी' या आरोपाखाली पाच वर्षे शिक्षा दिली.

कम्युनिस्ट, चीनचाच लाडका धर्मगुरू, पशुपालक आणि दुकानदार. चौघांनी तोंड उघडले आणि चौघांचे तोंड बंद केले गेले. आता आमच्या डाव्या मित्रांनी सांगावे, मुक्ती नेमकी कोणाची झाली? जुन्या मालकाच्या जागी नवा मालक आला आणि नव्या मालकाने दुःख सांगण्याचीही बंदी केली, याला आपल्या भाषेत मुक्ती म्हणत नाहीत. रस्ते झाले, रेल्वे आली, पक्की घरे झाली, हे सांगून उपयोग नाही. इंग्रजांनीही रेल्वे आणली होती. रेल्वे आली म्हणून बाबासाहेबांनी राजकीय हक्कांची मागणी मागे घेतली नाही.

बाबासाहेब काय म्हणाले होते

ही भूमिका आम्ही आज नव्याने शोधून काढलेली नाही. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात बीजिंगमध्ये करार झाला. त्यात तिबेटचा उल्लेख चीनचा प्रदेश असा केला गेला आणि भारताने तिबेटमधली आपली लष्करी पथके, टपाल व तार सेवा सोडून दिली. त्याच कराराच्या प्रस्तावनेत ती प्रसिद्ध पाच तत्त्वे आली, ज्यांना पंचशील म्हटले गेले. नाव बुद्धाच्या शिकवणीतले, करार एका बौद्ध जनतेच्या भूमीविषयी आणि सही करायला त्या जनतेचा एकही माणूस नाही!

चार महिन्यांनी, २६ ऑगस्ट १९५४ रोजी, बाबासाहेब राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलले. पंचशील हा बौद्ध धम्माचा भाग आहे आणि माओंची पंचशीलावर थोडी जरी श्रद्धा असती तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असा टोला त्यांनी लगावला. ल्हासाचा ताबा चीनला घेऊ देऊन पंतप्रधानांनी चीनची सीमा भारताच्या सीमेला आणून भिडवली, असेही त्यांनी बजावले. आठ वर्षांनी काय झाले ते सर्वांना माहीत आहे.

या भाषणाचा सीमासुरक्षेचा भाग आज राष्ट्रवादी मंडळी मोठ्या आवाजात सांगतात. आपण त्याचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. घोषणापत्रातली तत्त्वे आणि प्रत्यक्ष माणसांना दिलेली वागणूक यातले अंतर बाबासाहेबांनी तिथे मोजून दाखवले. मग १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. शोषण संपवण्याचे ध्येय त्यांनी नाकारले नाही. हिंसा आणि हुकूमशाही हे मार्ग मात्र त्यांनी स्पष्टपणे नाकारले. स्वातंत्र्य आणि बंधुता नसलेली समता त्यांना नको होती. तिबेट हे त्या इशाऱ्याचे जिवंत उदाहरण आहे.

आणखी एक गोष्ट. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत गांधीजींनी अस्पृश्यांचे खरे प्रतिनिधी आपणच आहोत, असा दावा केला. बाबासाहेबांनी तो ठामपणे फेटाळला. आमच्याविषयी आमच्याशिवाय कोणी ठरवायचे नाही, हा त्या नकाराचा अर्थ. मग १९५४ साली दोन सरकारांनी तिबेटी माणसाविषयी तिबेटी माणसाशिवाय ठरवले, ते आपल्याला कसे चालेल?

"ही आमची अंतर्गत बाब आहे"

तिबेटविषयी बोलले की चीन सरकारचे ठरलेले उत्तर येते : ही आमची अंतर्गत बाब आहे, बाहेरच्यांनी लुडबूड करू नये.

हे वाक्य आपण कुठे कुठे ऐकले आहे? गावात बौद्ध तरुणाला मारहाण होते. तो फिर्याद द्यायला निघतो. तेव्हा गावातली चार वजनदार माणसे वाटेत गाठतात आणि सांगतात, "गावचा मामला गावात मिटवू, पोलीस कशाला?" पुढे हेच वाक्य मोठे होऊन आंतरराष्ट्रीय मंचावर जाते. २००१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन इथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. दलित कार्यकर्त्यांनी तिथे जातीचा प्रश्न नेला. तेव्हाच्या भारत सरकारने काय भूमिका घेतली? जात म्हणजे वंश नाही, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, तो या परिषदेत नको. आपण ते मान्य केले नाही. माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न कोणाच्याही अंगणातला खासगी प्रश्न नसतो, असे आपण जगाला ठणकावून सांगितले.

जे तत्त्व डर्बनमध्ये आपल्यासाठी खरे होते, ते ल्हासासाठी खोटे कसे होईल? आपण आज बीजिंगचे 'अंतर्गत बाब' मान्य केले, तर उद्या दिल्लीचे 'अंतर्गत बाब' कोणत्या तोंडाने नाकारणार? तिबेटवर गप्प बसणे म्हणजे आपल्याच हातातले हत्यार बोथट करणे आहे.

मुलांच्या शाळा

आज तिबेटमध्ये सर्वांत खोल घाव शाळांमधून घातला जात आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तीन विशेष प्रतिवेदकांनी जाहीर केले की सुमारे दहा लाख तिबेटी मुले सरकारी निवासी शाळांच्या व्यवस्थेत ओढली गेली आहेत. पद्धत अशी : गावातली छोटी शाळा बंद करायची, मग मुलाला दूरच्या निवासी शाळेत पाठवण्यावाचून आईबापाला पर्याय राहत नाही. तिथे शिक्षण चिनी भाषेत. मूल सुटीत घरी येते तेव्हा आजीशी धड बोलू शकत नाही. तिबेटी भाषा टिकवणाऱ्या खासगी शाळांवरही कुऱ्हाड पडली. गोलोग भागातली राग्या मठाशी जोडलेली नावाजलेली शाळा जुलै २०२४ मध्ये बंद करण्यात आली.

इथे कोणी विचारेल, निवासी शिक्षण वाईट कसे? बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले, त्यातून तर आपली पिढी घडली. बरोबर आहे. म्हणूनच फरक आपल्याला चटकन कळायला हवा. आपली वसतिगृहे आपण मागितली, आपण उभी केली. तिथून मूल शिकून परतले ते आईबापाच्या दुःखाला शब्द देण्यासाठी. तिबेटी मुलाला शाळेत पाठवले जाते ते आईबापाचे शब्द विसरण्यासाठी. आपल्या वसतिगृहाने गुलामाला गुलामीची जाणीव करून दिली. ही शाळा ती जाणीवच उगवू नये याची व्यवस्था करते. इमारत दोन्हीकडे असते. ती कोणाच्या इच्छेने उभी राहिली आणि मुलाला काय बनवते, हा प्रश्न आहे.

याच व्यवस्थेचे सर्वांत क्रूर उदाहरण एका मुलाचे आहे. गेधुन चोक्यी न्यिमा. दहाव्या पांचेन लामांचा अवतार म्हणून दलाई लामांनी मे १९९५ मध्ये त्याचे नाव जाहीर केले. तीन दिवसांत सहा वर्षांचे ते मूल आणि त्याचे कुटुंब चिनी अधिकाऱ्यांनी नेले. त्यानंतर आजतागायत कोणत्याही स्वतंत्र व्यक्तीला त्याला भेटू दिलेले नाही. आपण अवतार मानत नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला उचलून नेणे आपल्याला चालत नाही, आणि त्यासाठी पुनर्जन्मावर विश्वास असावा लागत नाही.

२००९ पासून तिबेटमध्ये दीडशेहून अधिक माणसांनी निषेध म्हणून स्वतःला जाळून घेतले. आम्ही या मार्गाचे समर्थन करत नाही, गौरव तर नाहीच. आम्हाला जिवंत, लढणारी माणसे हवीत. पण अर्ज, भाषण, मोर्चा, कोर्ट असे सगळे दरवाजे बंद करणाऱ्या सत्तेला या मृत्यूंची जबाबदारी झटकता येणार नाही.

हिंदुत्ववाद्यांचे तिबेटप्रेम

आता आपल्या देशाकडे वळू. कारण तिबेटच्या नावाने सर्वांत मोठा गजर आज हिंदुत्ववादी गोटातून होतो. संघपरिवाराने त्यासाठी १९९९ पासून भारत तिब्बत सहयोग मंच चालवला आहे. त्यांचे प्रेम तपासून घेऊ.

२००३ साली तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग आहे, असे लिखित स्वरूपात मान्य केले ते वाजपेयी सरकारने. २०१८ साली तिबेटी निर्वासितांनी भारताचे आभार मानण्यासाठी दिल्लीत कार्यक्रम ठेवले, तेव्हा नेत्यांनी आणि अधिकाऱ्यांनी तिकडे फिरकू नये, अशी सूचना काढली ती मोदी सरकारने. कार्यक्रम धरमशाळेला हलवावा लागला. २०१९ साली नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला. त्यात बौद्धांचे नाव आहे, म्हणून आपल्यातले काही जण खूश झाले होते. पण कायद्यात देश तीनच : पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान. साठ वर्षांहून अधिक काळ या देशात राहणारा तिबेटी बौद्ध निर्वासित त्यात नाही! पीडित अल्पसंख्याकांची एवढी काळजी होती, तर शेजारच्या देशात छळ सोसून आलेले हे बौद्ध कसे विसरले? कारण सरळ आहे. त्या कायद्याला मुस्लिम वगळायचे होते, बौद्ध वाचवायचे नव्हते.

काँग्रेसचा इतिहासही उजळ नाही. १९५० साली एल साल्वादोरने तिबेटचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला, तेव्हा तो लांबणीवर पडण्यात भारताच्या भूमिकेचा हात होता. १९५९ च्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. बाजूने मत द्यायला १९६५ उजाडावे लागले. दोन्ही पक्षांसाठी तिबेट म्हणजे चीनशी खेळताना वापरायचे प्यादे. प्याद्याला हक्क नसतात.

आणि बौद्धांच्या धार्मिक स्वातंत्र्याचा एवढा कळवळा असेल तर बोधगयेला या. चीनने २००७ साली नियम केला की लामाचा पुनर्जन्म सरकारी मंजुरीशिवाय ग्राह्य नाही. निरीश्वरवादी पक्ष अवतार ठरवणार, हा विनोद आहे, हे मान्य. मग १९४९ च्या कायद्याने महाबोधी विहाराच्या समितीत चार बौद्धांसोबत चार हिंदू बसवले आणि वर जिल्हाधिकारी अध्यक्ष केला, हा काय प्रकार आहे? बौद्धांच्या बाबी बौद्धांनीच ठरवाव्यात, हे ल्हासात खरे असेल तर बोधगयेतही खरे आहे. तसेच लडाख. २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये लोकशाही हक्क मागणाऱ्या आंदोलनात गोळीबार झाला, चार जण मेले आणि पाठोपाठ सोनम वांगचुक यांच्यावर राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावला गेला. तिबेटसाठी गळा काढणारे लेहसाठी का बोलले नाहीत? आम्ही दोन्हीकडे बोलणार, आणि मणिपूर, काश्मीर, बस्तरवरही बोलणार. निवडक मानवी हक्क म्हणजे हक्क नव्हेत, ते डावपेच असतात.

नवयान, वज्रयान आणि आपले घर

राहिले तिसरे मत. आपण पुनर्जन्म, अवतार, कर्मकांड मानत नाही. बावीस प्रतिज्ञांनी आपल्याला विवेकाची वाट दाखवली आहे. पण हक्क मिळण्यासाठी माणसाचे तत्त्वज्ञान आपल्याशी जुळावे लागते, हे कोणी सांगितले? पटणाऱ्याचेच हक्क मानायचे असतील तर मग मनुस्मृती आणि आपण यात फरक काय राहिला?

शिवाय निर्वासित तिबेटी समाज जुन्या दरबारात अडकून बसलेला नाही. १९९१ साली त्यांनी आपली सनद केली. त्यांची संसद मतदानाने निवडली जाते, स्त्रिया मत देतात, उमेदवार होतात. २०११ साली दलाई लामांनी राजकीय अधिकार सोडले आणि ते निवडून आलेल्या नेत्याकडे गेले. यात प्रश्न नाहीत असे नाही. ज्यांना तिबेटमध्ये हीन मानले जात होते त्यांची लेकरे आज त्या संसदेत, मठांत, शाळांत कुठे आहेत? हा प्रश्न आपण मित्र म्हणून जरूर विचारावा. धरमशाळेत आपण तो विचारू शकतो आणि ल्हासात विचारू शकत नाही, एवढ्यानेच दोन्हीकडचा फरक कळतो.

आणि "आपल्या घरात आग असताना" या मुद्द्याविषयी. पीडिताने फक्त स्वतःच्या वेदनेवर बोलावे, ही अट पीडकाच्या सोयीची आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या पँथरपासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तेव्हा शिकागो दूर वाटले नाही, तर ल्हासा कसे दूर? तिबेट तर इतके दूरही नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. हिवाळ्यात नागपुरापासून पुण्यापर्यंत स्वेटरची दुकाने लावणारी माणसे आपण सगळे पाहतो. किंमत कमी करून घेतो, पण तुमच्या गावचे काय झाले, हे विचारत नाही.

करायचे काय?

एक. १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, २६ नोव्हेंबरच्या कार्यक्रमांत तिबेटी तरुण-तरुणींना बोलवा. खादा घालून, फोटो काढून त्यांना परत पाठवू नका. माईक द्या, अर्धा तास बोलू द्या.

दोन. अभ्यासवर्गांत बाबासाहेबांचे २६ ऑगस्ट १९५४ चे भाषण पूर्ण वाचा. सोबत फुंत्सोक वांग्याल यांचे चरित्र आणि पांचेन लामांचे निवेदन वाचा. इंग्रजीत आहे, मराठीत आणायला हात लागले पाहिजेत.

तीन. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. इथेच जन्मलेले कित्येक तिबेटी आजही परदेशी नागरिक म्हणून नोंदणीच्या कागदावर जगतात. धर्म न विचारणारा निर्वासित कायदा हवा, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे लेखी करा. यात तिबेटी, रोहिंग्या, श्रीलंकेतले तमिळ सगळे आले पाहिजेत.

चार. विद्यार्थी संघटनांनी ठराव करावेत : सक्तीच्या निवासी शाळा बंद करा, मातृभाषेतल्या शाळा उघडा, गेधुन चोक्यी न्यिमा कुठे आहे ते स्वतंत्र निरीक्षकांना पाहू द्या, भाषेसाठी आणि श्रद्धेसाठी पकडलेल्यांना सोडा. डर्बनपर्यंत पोहोचलेल्या चळवळीला जिनिव्हाचा रस्ता माहीत आहे.

पाच. हे सगळे करताना चिनी माणसाविरुद्ध एकही शिवी नको. रस्त्यावर ईशान्येच्या किंवा लडाखी माणसाला 'चिनी' म्हणून हिणवणारी जी झुंड आहे, तिच्याशी आपले भांडणच आहे. आपला विरोध तोंड दाबणाऱ्या सत्तेला आहे, मग ती कोणत्याही रंगाचा झेंडा लावो.

तिबेट स्वतंत्र व्हावा, की चीनमध्ये राहून खरी स्वायत्तता घ्यावी, हे आम्ही ठरवणार नाही. दलाई लामा स्वायत्ततेचा मध्यम मार्ग सांगतात, त्यांच्या समाजातले अनेक तरुण पूर्ण स्वातंत्र्य मागतात. तो निर्णय तिबेटी जनतेचा. त्यांना तो मोकळेपणी, न भीता घेता यावा, एवढ्यासाठी आपण त्यांच्या बाजूला उभे राहायचे आहे. मूकनायक नावाचे पाक्षिक काढून ज्यांच्या लढ्याची सुरुवात झाली, त्यांनी दुसऱ्याच्या मुकेपणाकडे पाठ फिरवू नये.

जय भीम!